शेवटचं पाणी

प्रयोगशाळेत त्याला सगळे गाळणीमामा म्हणत. सव्वीस वर्षं एकच माणूस एकाच ओट्याशी उभा राहून गाळत असेल तर लोक दुसरं काय म्हणणार! वाळलेलं समुद्री शेवाळ दळायचं, चाळायचं, दहा ग्रॅम तोलायचं, अल्कोहोलात भिजवून चोवीस तास हलवत ठेवायचं आणि गाळायचं. गाळून आलेलं पाणी गोल चंबूत भरून तो चंबू कोमट पाण्यात गरगर फिरवला की अल्कोहोल उडून जातं आणि तळाला हिरवट-काळा चिकटा उरतो. तो अर्क. हे शेवाळ लोक खातात. त्यातली अँटिऑक्सिडंट द्रव्यं, म्हणजे शरीराची झीज थोपवणारी द्रव्यं, या चिकट्यात उतरतात. ती किती आहेत ते बघायला एक जांभळं द्रावण असतं. त्याचं खरं नाव उच्चारताना जिभेला गाठ बसते, म्हणून सगळे त्याला नुसतं 'जांभळं' म्हणत. अर्कात दम असला की जांभळं पिवळं पडतं. जितका दम जास्त, तितकं लवकर.

मामाचा हात असा की मॅडम नव्या मुलांना सांगायच्या, "मामांचा आकडा आला की परत करून बघायची गरज नाही." मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. कौतुकाच्या बाबतीत बाई फार चिकट, पण मामाच्या वाट्याला एवढं आलं होतं आणि ते त्याला जन्मभर पुरणारं होतं.

बोलण्याच्या बाबतीत मात्र मामा स्वतःच चिकट. "हं", "बरं", "ठेवा तिथं" एवढ्या तीन-चार शब्दांवर त्याचा दिवस निघायचा. अशा माणसानं आयुष्यात एकदा तोंड सैल सोडलं, आणि नेमकं तेच नडलं.

झालं असं. किनाऱ्यावरच्या अकरा जणांकडून शेवाळाच्या पिशव्या मागवल्या होत्या. कुणाच्या खडकावरच्या शेवाळात किती दम आहे, ते बघायचं होतं. सातव्या नंबरची पिशवी मामाच्या ताईची होती. ताई त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर समुद्राकाठच्या घरात एकटी राहायची, ओहोटीला खडकांवर उतरून शेवाळ काढायची, वाळवून विकायची. अकरा अर्कांची परीक्षा झाली आणि सात नंबरचं जांभळं बघता बघता पिवळं झालं. बाकीचे दहा जण आसपाससुद्धा नव्हते. मॅडम स्वतः ओट्यापाशी आल्या, चष्मा कपाळावर चढवून नळीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मामा, हे काय आहे हो?"

मामाला इतका आनंद झाला की त्यानं जिन्यात उभं राहून ताईला फोन लावला.

"ताई, कापलेलं सफरचंद कसं काळं पडतं? तसे आपण आतून पडतो. ते थांबवणारं जे असतं ना, ते तुझ्याकडे सगळ्यांच्या दुप्पट निघालं! तुझ्या शेवाळात औषध आहे, औषध!"

औषध. तीन अक्षरांचा शब्द. मॅडमनी तो कधी वापरला नव्हता, कुठल्या कागदावर तो लिहिलेला नव्हता. सव्वीस वर्षांत मामानंही तो कधी उच्चारला नव्हता. त्या दिवशी जिन्यात उच्चारला, कारण पलीकडे ताई होती.

त्याच महिन्यात ताईच्या छातीत गाठ सापडली होती. तपासणीला मामाची बायको तिच्यासोबत गेली होती, मामाला रजा मिळाली नव्हती. गाठ वाईट आहे, पण लहान आहे, लवकर काढून टाकू, असं डॉक्टर म्हणाले होते आणि त्यांनी बारा दिवसांनंतरची तारीख दिली होती. मामाचा फोन गेला तो पाचव्या दिवशी.

बाराव्या दिवशी ताईनं कळवलं, डॉक्टरांनी ऑपरेशन पुढं ढकललंय, तूर्त नुसत्या गोळ्या दिल्यात. मामा "बरं" म्हणाला. पाच महिने तो "बरं"च म्हणत राहिला. मग एकदा ताई दोन दिवस त्याच्याकडे राहायला आली. दंड भरून आलाय म्हणाली, तेव्हा बायको तेल चोळायला बसली आणि तिला काखेपर्यंत पसरलेला कठीण गोळा हाताला लागला. बायको स्वयंपाकघरात येऊन मामासमोर उभी राहिली. तिच्या हाताला अजून तेल होतं.

"ताई हॉस्पिटलात गेल्याच नाहीयेत," ती म्हणाली. "एकदाही."

मामा तसाच बाहेरच्या खोलीत गेला. ताई खुर्चीवर बसून पदराला हात पुसत होती.

"औषध चालू आहे की माझं," ती म्हणाली. "तुझंच. सकाळ-संध्याकाळ वाटीभर खाते. चुकवत नाही."

दोन महिने मामा तिच्या मागे लागला होता. दोन महिने कशाला, सरळ उचलून न्यायचं, असं कुणालाही वाटेल. चौसष्ट वर्षांच्या, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या बाईला उचलून नेता येत नाही, हे ज्यांनी तसा प्रयत्न केलाय त्यांनाच कळेल. दर रविवारी तो सकाळची गाडी पकडून दोन तास प्रवास करायचा आणि संध्याकाळी हात हलवत परत यायचा.

"ताई, नळीतलं वेगळं आणि माणसातलं वेगळं गं."

"का? नळी काय तुझी मावशी लागते, तिच्यासाठी वेगळं?"

"मी चुकून बोलून गेलो."

"तू चुकून बोलत नाहीस, छोट्या. तू बोलतच नाहीस, तर चुकून कुठला बोलणार?"

बावन्न वर्षांच्या, अर्ध्याहून अधिक केस पिकलेल्या माणसाला ती अजून छोट्या म्हणायची. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि ताई सोळाची. तिनंच त्याला न्हाऊ घातलं, बदडलं, शाळेत नेऊन बसवलं. त्याच्या हुशारीवर तिचा इतका विश्वास होता की आता तोच विश्वास तिच्या जिवावर उठला होता.

"आणि हा कागद?" ती कपाट उघडून दाखवायची. मामानंच तेव्हा कौतुकानं पाठवलेला आलेख तिनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. अकरा खांब शेजारी शेजारी, आणि सातवा सगळ्यांच्या डोक्यावरून वर गेलेला. "हा माझा खांब. हाही चुकून छापला का तुम्ही? आता ऑपरेशनला मी हो म्हणावं म्हणून तू मला बनवतोयस. मला कळत नाही होय?"

गावात तिनं तो कागद सगळ्यांना दाखवला होता. ज्या बायका तिला वर्षानुवर्षं 'शेवाळवाली' म्हणत होत्या, त्या आता घरी येऊन कपाट उघडून घ्यायच्या. एकदा तर शाळेच्या मास्तरांनी मुलांना आणून दाखवला. सगळा जन्म ओल्या खडकांवर वाकून काढलेल्या बाईच्या नावाचा एक खांब उभा राहिला होता, आणि मामा तिला म्हणत होता, तो विसर.

"तुम्ही बोलून बसलात, आता तुम्हीच निस्तरा," बायको म्हणाली. तिचं बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं.

निस्तरायचा एकच रस्ता मामाला दिसत होता. तो खांब पाडायचा.

मग त्यानं सात नंबरची परीक्षा पुन्हा केली. दळलं, चाळलं, तोललं, भिजवलं, गाळलं. आकडा तोच आला. पुन्हा केलं, तर आकडा किंचित वाढला. तिसऱ्यांदा केलं तेव्हा सगळी भांडी नवी घेतली, जांभळं नवं बनवलं, तराजू तपासून घेतला. जांभळं त्याच्या तोंडावर पिवळं झालं. आपला हात चुकावा असं मामाला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं, आणि हात चुकायला तयार नव्हता. मॅडमना वाटलं, मामा खात्री करून घेतायत. त्यांचा लेख तयार होत आला होता, तीन आठवड्यांत मासिकाकडे जायचा होता. जाता-येता त्या ओट्यावर टकटक करून म्हणायच्या, "पुन्हा तेच आलं ना? मला माहीत होतं." मामा मान हलवायचा.

प्रयोगशाळेत काहीही तोंडात घालायचं नाही हा पहिला नियम. नव्या मुलांना तो मामाच सांगायचा. पण एका दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना तो पिशव्यांच्या कपाटासमोर बसून राहिला, आणि काय वाटलं कोण जाणे, त्यानं चार नंबरच्या पिशवीतला एक तुकडा काढून जिभेवर ठेवला.

त्याला मळमळून आलं. खारट, कुबट, बंद डबक्याच्या वासाचं. बेसिनपाशी जाऊन त्यानं थुंकून टाकलं, चूळ भरली. मग नऊ नंबरचं बघितलं. तेच. दोन नंबर, तेच. मामा चक्रावला. लहानपणापासून तो शेवाळ खात आला होता, आवडीनं खात आला होता. पण सगळं ताईच्या हातचं. दुसऱ्या कुणाचं शेवाळ त्यानं आजवर तोंडात घातलेलंच नव्हतं.

त्यानं सात नंबरचा तुकडा घेतला. ही चव ओळखीची. आता मुद्दाम लक्ष देऊन चघळलं, तेव्हा शेवटी जिभेच्या कडांना काहीतरी लागलं. आंबट. अगदी पुसट. शेवाळाची चव अशीच असते असं तो बावन्न वर्षं धरून चालला होता.

अर्क किती आंबट आहे ते मोजायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती, म्हणजे यादीत ते काम नव्हतं, म्हणून कुणी कधी मोजलं नव्हतं. मामानं आंबटपणा बघायच्या कागदी पट्ट्या काढल्या. दहा अर्कांत दहा पट्ट्या बुडवल्या, त्या हिरवट राहिल्या. सातव्यातली नारिंगी झाली.

मग त्यानं नमुन्यांचे फॉर्म काढले. प्रत्येक फॉर्मवर एक रकाना होता: 'धुण्याची पद्धत'. दहा जणांना मामानं फोन करून विचारलं होतं आणि ते सांगतील तसं लिहिलं होतं. सात नंबरवर त्याच्याच अक्षरात होतं, 'गोडं पाणी, तीन वेळा'. हे ताईनं सांगितलेलं नव्हतं. घरच्या माणसाला काय विचारायचं, असं म्हणून त्यानं स्वतःच ठोकून दिलं होतं.

पुढच्या रविवारी तो गेला तेव्हा त्याच्या पिशवीत चांदीच्या कागदात गुंडाळलेली जांभळ्याची बाटली होती, आठ-दहा नळ्या होत्या, अल्कोहोल होतं आणि सात नंबरचं थोडं शेवाळ होतं. ताई बारीक झाली होती. डावा हात अंगाशी धरून वावरत होती. तरी त्याला बघून तिनं उजव्या हातानं चहाचं आधण ठेवलं.

"ताई, तू शेवाळ धुतेस कसं?"

ती हसली. दोन महिन्यांत त्यानं तिला पहिल्यांदाच हॉस्पिटल सोडून दुसरं काही विचारलं होतं. ती खुशीत येऊन सांगायला लागली. "आधी समुद्राच्याच पाण्यात दोनदा, म्हणजे वाळू जाते. मग विहिरीच्या पाण्यात एकदा, चोळायचं नाही, नुसतं खळबळायचं. आणि शेवटचं पाणी लिंबाचं."

"लिंबाचं?"

"मग! परसातलं झाड बघतोस ना कसं लगडलंय. घमेलंभर पाण्यात दहा-बारा लिंबं पिळायची, तासभर बुडवून ठेवायचं, मग सावलीत वाळत घालायचं."

"सगळंच शेवाळ?"

"छे रे, विकायच्या मालाला कोण पिळत बसतंय! तुझ्या पिशवीतलं तेवढं."

"माझ्या का?"

"विसरलास? आई गेली तेव्हा घरात खायला दुसरं काय होतं? आणि तुला वास आला की तू ओकायचास. दोन दिवस उपाशी राहिलास एकदा. मी काय काय करून बघितलं, शेवटी लिंबाच्या पाण्यातलं तेवढं खाल्लंस. तेव्हापासून तुझ्यासाठी काढलं की हात आपोआप लिंबाकडे जातो."

"ताई, ते खायला नव्हतं गं. प्रयोगाला होतं."

"असेल. पण पिशवीवर नाव तुझं होतं."

चहा उतू गेला, तो ताईनंच उतरवला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "आणि तू स्वतः कुठलं खातेस? हे सात महिने?"

"साधंच. मला कुठे वास येतो!"

म्हणजे ज्या नमुन्याचा खांब कपाटात चिकटला होता, तो तर तिनं तोंडातही घातला नव्हता. घातला असता तरी काही फरक पडला नसता, हे मामाला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याला ते फार लागलं.

त्यानं जेवणाचं टेबल पुसून घेतलं आणि नळ्या मांडल्या. तिचं रोजचं शेवाळ एका नळीत भिजवलं, त्याच्या पिशवीतलं दुसऱ्या नळीत. अर्धा तास दोघं समोरासमोर बसून राहिली. मग त्यानं दोन्ही गाळली आणि चार स्वच्छ नळ्यांत जांभळं ओतलं. पहिलीत काहीच घातलं नाही. दुसरीत रोजच्या शेवाळाचे थेंब टाकले. रंग जरा फिकटला, पण जांभळा तो जांभळाच राहिला. तिसरीत त्याच्या पिशवीतलं. मिनिटभरात ते पिवळं झालं. ताई पुढे सरकली. त्यानं परसातून आणलेलं लिंबू कापलं आणि चौथीत दोन थेंब पिळले. थेंब पडायचा अवकाश, जांभळं पिवळं झालं.

ताई बराच वेळ चौथ्या नळीकडे बघत होती. बाई शाळेत चार यत्ता शिकली होती, पण तिला कुणी मठ्ठ म्हटलं नसतं.

"कापलेल्या सफरचंदाला लिंबू चोळतात, काळं पडू नये म्हणून," ती म्हणाली. "तेच ना हे?"

"तेच."

"म्हणजे तो खांब लिंबाचा."

"हो."

"आणि माझं शेवाळ?"

"बाकी दहा जणांसारखं आहे. चांगलं आहे खायला. पण औषध नाही, ताई. कुणाच्याच शेवाळात नाही. मी बोललो ते खोटं होतं."

ती चिडेल, अशी मामाची तयारी होती. चिडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, कपाट उघडून कागद काढायला लागली. चिकटपट्टी निघेना, तर नखानं खरवडत राहिली. तिचा चेहरा लाजेनं उतरला होता. "मी अख्ख्या गावाला दाखवला रे हा," ती म्हणाली. "मास्तरांनी पोरं आणली होती." त्याला वाटलं उठून तिचा हात धरावा, पण त्यांच्या घरात असं कधी कुणी केलेलं नव्हतं. मामा जिंकला होता, आणि आपण हिचं काहीतरी हिसकावून घेतलं असं त्याला वाटत होतं.

कागदाची घडी घालून तिनं ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग पाठमोरीच म्हणाली, "उद्या गाडी किती वाजता असते?"

हॉस्पिटलात बुधवारची वेळ मिळाली. मंगळवारी मामा मॅडमच्या खोलीत गेला आणि त्यांच्यासमोर नारिंगी पट्टी आणि फॉर्म ठेवून त्यानं सगळं सांगितलं. लिंबू सांगितलं, रकाना सांगितला. मॅडमनी ऐकून घेतलं. समोर त्यांच्या लेखाचे छापील कागद पडलेले होते, ते त्यांनी सरळ करून बाजूला ठेवले.

"न विचारता भरलात?"

"हो."

"सव्वीस वर्षांत मी तुमचा एकही आकडा पुन्हा तपासून बघितला नाही, मामा."

एवढंच. आरडाओरडा नाही, काही नाही. तो दारापर्यंत गेल्यावर त्यांनी विचारलं, "पण तुम्हाला एकाएकी शंका कशी आली?" जिन्यातला फोन, तो शब्द, कपाटातला कागद, हे सगळं त्याच्या ओठांवर आलं. "सहज," तो म्हणाला. "चव घेऊन बघितली." मॅडमनी मान हलवली. सगळं सांगितलं असं स्वतःशी म्हणत मामा ओट्यापाशी परतला.

बुधवारी हॉस्पिटलात नवे डॉक्टर होते. वयानं तरुण, डोळे तांबारलेले. सकाळपासून बरेच पेशंट झाले असावेत. त्यांनी ताईला पडद्याआड तपासलं, जुने रिपोर्ट पाहिले, नवे फोटो काढायला पाठवलं, ते दुपारी आले. ते उजेडासमोर धरून डॉक्टरांनी जुन्या रिपोर्टशी ताडून पाहिले. मग त्यांनी दोघांना बसायला सांगितलं. खुर्ची एकच होती. ताई बसली, मामा मागे उभा राहिला.

"हा रिपोर्ट सात महिन्यांपूर्वीचा आहे," डॉक्टर म्हणाले. "तारीख दिली होती तुम्हाला. तेव्हा गाठ एवढीशी होती. आता ती हाडात गेली आहे. आता कापून उपयोग नाही. दुखणं कमी राहील, एवढं बघू आपण. सात महिने काय करत होतात?"

"भीती वाटली," ताई म्हणाली.

"भीती सगळ्यांनाच वाटते. घरगुती काही चालू होतं का? झाडपाला, काढे, कुणी काही सुचवलेलं?"

ताईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"बाई, मला सांगा. मी रोज बघतो हे. कुणीतरी शहाणा सांगतो, अमक्यात औषध आहे, तमक्यात औषध आहे, आणि माणसं इथं येतात तेव्हा माझ्या हातात काही उरलेलं नसतं. असल्या माणसाला समोर उभं करून विचारलं पाहिजे. कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

मामा तिच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. मी, असं म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. त्यानं तोंड उघडलंसुद्धा.

"कुणी नाही हो," ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीवाल्याला उत्तर द्यावं तसा. "कोण सांगणार? माझंच डोकं फिरलं होतं."

"आणि तुम्ही?" डॉक्टरांनी मामाकडे पाहिलं. "तुम्ही भाऊ ना? तुम्ही तरी ओढून आणायचंत."

"त्याला माहीतच नव्हतं," ताई मागं न बघता म्हणाली. "मी त्याला काहीच बोलले नव्हते. त्याला कळलं आणि लगेच घेऊन आला बघा."

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. मामानं उघडलेलं तोंड मिटलं. औषधं लिहून झाली, पुढची तारीख झाली, दुखलं तर काय करायचं ते सांगून झालं. एवढा सगळा वेळ मिळूनही तो काही बोलला नाही.

बाहेर बाकावर माणसं दाटीवाटीनं बसली होती. एका बाईनं सरकून ताईला जागा दिली. मामा तिच्यासमोर उकिडवा बसला, तिची चप्पल निघाली होती ती त्यानं तिच्या पायात घातली.

"खोटं का बोललीस?" त्यानं विचारलं.

"आता खरं सांगून काय माझी गाठ विरघळणार होती?" मग तिनं त्याच्याकडे नीट बघितलं, चार वर्षांच्या मुलाकडे बघावं तसं. "तो तुझ्यावर ओरडला असता रे. एवढ्या लोकांत."

आणि मामाला, बावन्न वर्षांच्या माणसाला, आधी बरं वाटलं. लाज त्यानंतर वाटली.